रॉटरडॅममधला १९१५चा वरचा मजला: बोली लावण्याआधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे: रॉटरडॅमच्या आउडे नोर्डेन भागात १९१५च्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला विक्रीला आहे. क्षेत्रफळ ७८ चौरस मीटर, ऊर्जा लेबल (घर किती ऊर्जा खातं याची श्रेणी) डी, मागणी पावणेचार लाख युरो, खरेदीचा खर्च घेणाऱ्याचा. इमारतीत तीन घरं, व्हीव्हीई म्हणजे मालकांची संस्था 'लहान आणि स्वतःच चालवलेली', वर्गणी महिना ७५ युरो. नवरा ३६ वर्षांचा, बायको ३३ची, दोघं नोकरीत. बोलीची मुदत चार दिवसांवर आहे. काय बघायचं आणि किती लावायचं?

किंमत शेवटी ठरवू. डच कायद्यात फ्लॅट घेणारा चार भिंती विकत घेत नाही. तो अख्ख्या इमारतीतला एक हिस्सा घेतो आणि त्या हिश्श्यापोटी ठरावीक मजला एकट्याने वापरायचा हक्क त्याला मिळतो. त्यामुळे तळमजल्याखाली जमिनीत काय चाललंय आणि छतावरचं डांबर किती जुनं आहे, हे दोन्ही तुमचेच प्रश्न होतात. 'आम्ही वर राहणार, पायाचं खालचे बघतील' हा समज या भागात सगळ्यात महागात पडतो.

म्हणून सुरुवात पायापासून. रॉटरडॅममध्ये वर भराव, त्याखाली पीट (कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) आणि चिकणमाती, आणि भार पेलणारी घट्ट वाळू साधारण १५ ते २० मीटर खोल. १९१५च्या सुमारास तिथली घरं लाकडी खांबांवर उभी करत. झाडाचे सरळ बुंधे बारीक टोक खाली करून वाळूपर्यंत ठोकायचे, त्यांच्या डोक्यावर लांबीच्या दिशेने जाड फळी टाकायची आणि तिच्यावरून विटांची भिंत उचलायची. ॲम्स्टरडॅमच्या पद्धतीत भिंतीखाली खांबांची दुहेरी ओळ असते, रॉटरडॅमच्या पद्धतीत एकेरी. एकेरी ओळीतला खांब कमजोर झाला की भार वाटून घ्यायला त्याचा जोडीदार नसतो.

लाकूड कायम पाण्याखाली राहिलं तर शंभर वर्षांनंतरही काम देतं, कारण बुरशीला लागणारा प्राणवायू तिथे पोचत नाही. भूजल खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की बुरशी लागते. पाणी खाली जायला मोठं कारण लागत नाही. रस्त्याखालचं जुनं गटार तडकलं की आजूबाजूचं भूजलच त्यात ओढलं जातं. शेजारच्या बांधकामाचा पंप, सलग कोरडे उन्हाळे आणि भिंतीलगतची मोठी झाडंही हेच करतात. दुसरा रोग पाण्याखालीही होतो: जिवाणू लाकूड पोखरतात, पाइनचं जास्त, स्प्रूसचं कमी. तिसऱ्या प्रकारात लाकूड ठणठणीत असतं, पण भोवतालची माती खचताना खांबालाही खाली ओढते. तिन्हींची लक्षणं वर सारखीच दिसतात. घर खचतं, आणि सगळीकडे सारखं खचत नाही.

घर बघायला जाल तेव्हा आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. विटांमधल्या आडव्या सांध्यांची एक ओळ धरा आणि ती डावीकडून उजवीकडे नजरेने न्या. शेजारच्या इमारतीच्या हद्दीपाशी ती तुटते का, एका टोकाला उतरते का? खिडक्यांच्या कोपऱ्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरक्या जाणाऱ्या भेगा शोधा. एकाच पट्ट्यात नवे भरलेले सांधे दिसले तर तिथे काय होतं ते विचारा. आत गेल्यावर दारांच्या वरच्या कडा बघा. खचलेल्या घरात दारं पुन्हा पुन्हा तासून तिरकी झालेली असतात. दोन मीटरची लेव्हलपट्टी सोबत न्या. दोन मीटरला दोन सेंटिमीटर उतार म्हणजे शंभरास एक, आणि तो गंभीर मानायचा. नुसत्या जमिनीवर मोजू नका, कारण विक्रीआधी समतल करून वर नवं लॅमिनेट टाकलेलं असतं. दारांच्या चौकटी आणि छताची कडाही मोजा. जमीन मधेच खोलगट असेल तर लाकडी तुळया वाकल्यात, ते त्यामानाने किरकोळ. पण एका भिंतीकडे सलग उतार असेल तर ती भिंत खाली गेलेली आहे.

या सगळ्यावरून फक्त संशय पक्का होतो. नेहमीची बांधकाम तपासणी साधारण ४०० ते ६०० युरोंत होते, पण ती नजरेनेच केली जाते. पाया त्यात उघडून बघत नाहीत. अहवालात 'पायाची तपासणी केलेली नाही' असं एक वाक्य असतं, त्याकडे लोक डोळेझाक करतात. खरी तपासणी म्हणजे तळमजल्यावर किंवा भिंतीलगत खड्डा खणून खांबाचं डोकं उघडं करायचं, सुईच्या हातोडीने लाकूड किती मिलिमीटर मऊ झालंय ते मोजायचं, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, भूजलाची पातळी खांबाच्या डोक्याशी ताडून बघायची आणि विटांच्या ओळींची उंची मोजायची. या तपासणीसाठी एफ-थ्री-ओ नावाची डच मार्गदर्शिका आहे. तशा अहवालात शेवटी पाया आणखी किती वर्षं धरेल याचा अंदाज वर्षांत दिलेला असतो. त्याला तळमजल्याच्या मालकाची परवानगी आणि काही आठवडे लागतात, म्हणजे तुमच्या चार दिवसांत ते होणार नाही.

चार दिवसांत होण्यासारखं हे: रॉटरडॅम महापालिकेचा फुंडेरिंग्स-लोकेट नावाचा पायाविषयीचा कक्ष आहे, त्यांच्याकडे पत्ता देऊन माहिती विचारा. महापालिकेच्या बांधकाम संग्रहातून मूळ नकाशे आणि नंतरच्या परवानग्या मागवा. त्याच ओळीतल्या घरांना पायादुरुस्तीची परवानगी मिळालेली असेल तर ते तिथे सापडतं. सामाईक भिंतीखालचा पाया शेजाऱ्यांसोबत असतो, म्हणून डाव्या-उजव्या घरांचं तुमच्या घराइतकंच बघा. शेजारी दुरुस्ती झाली असेल तर खूश होण्याआधी विचार करा: त्यांचं घर आता पक्कं उभं आहे आणि तुमचं खचतंच आहे, असं असेल तर मधल्या भिंतीला भेगा पडतात.

दुरुस्ती कशी होते तेही माहीत हवं. तळमजल्याची जमीन पूर्ण काढतात, छोट्या यंत्राने लोखंडी नळ्यांचे खांब तुकड्या-तुकड्यांनी वाळूपर्यंत दाबतात, त्यावर सळईचा काँक्रीटचा जाड स्लॅब ओततात आणि भिंतींमध्ये खाचा करून भार त्यावर घेतात. तळमजल्याच्या कुटुंबाला काही महिने बाहेर राहावं लागतं. खर्च सगळ्या मालकांत हिश्श्याप्रमाणे वाटला जातो. हिशोबापुरतं दीड लाख धरा. तुमचा हिस्सा एक तृतीयांश असेल तर ५० हजार युरो. इमारतीच्या विम्यात लाकूड कुजणं बसत नाही. अहवाल नसलेलं घर घ्यायचं असेल तर ही रक्कम किंमत ठरवताना डोळ्यासमोर हवी.

आता व्हीव्हीई. २०१८पासून नियम असा की राखीव निधीत दर वर्षी एकतर दीर्घकालीन देखभाल आराखड्याप्रमाणे किंवा इमारत पुन्हा बांधायच्या खर्चाच्या किमान अर्धा टक्का रक्कम टाकायची. ७५ युरो या मापाने तपासा. पुनर्बांधणीचा खर्च विम्याच्या पॉलिसीवर छापलेला असतो. समजा तो ९ लाख आहे. अर्धा टक्का म्हणजे वर्षाला ४,५००, तिघांत १,५००, महिन्याला १२५. आणि हा फक्त राखीव निधी. विमा, बँकेचा खर्च आणि गटारसफाई वेगळी. म्हणजे महिना ७५ युरोंत बहुधा विमा निघतो आणि थोडं उरतं. वर्गणी कमी म्हणून घर स्वस्त पडत नाही. वीस वर्षांची न भरलेली देखभाल छत गळायला लागलं की एकदम मागितली जाते, आणि तेव्हा मालक तुम्ही असता.

तीन घरांच्या व्हीव्हीईचा आणखी एक स्वभाव आहे: ती कागदावर असते. वार्षिक सभा नाही, इतिवृत्त नाही, बँक खातं एकाच्या नावावर. अशा निजलेल्या संस्थेला कर्ज देणारी बँकही नाकं मुरडते. विक्रेत्याच्या एजंटाला उद्या सकाळी एकच मेल पाठवा आणि त्यात हे सगळं मागा: विभाजनाचा (इमारतीचे वेगवेगळे फ्लॅट पाडल्याचा) मूळ दस्त आणि त्याचा नकाशा, लागू असलेली नियमावली, शेवटच्या तीन वर्षांची इतिवृत्तं आणि हिशोब, राखीव निधीची आजची शिल्लक, देखभाल आराखडा, विम्याची पॉलिसी, व्यापार नोंदणीचा उतारा, आणि पायाविषयी जे काही असेल ते. इतिवृत्त वाचताना ठराव सोडा, तक्रारी वाचा. 'दुसऱ्या मजल्यावर पुन्हा ओल' हे वाक्य सलग दोन वर्षं दिसलं तर छताचं उत्तर मिळालं. विक्रेत्याने वर्गणी थकवली असेल तर चालू आणि मागच्या आर्थिक वर्षाच्या थकबाकीला नवा मालकही जबाबदार असतो. नोटरी, म्हणजे घराचं हस्तांतरण करणारा कायदेतज्ज्ञ, ते विचारतोच, पण तुम्हाला आधी कळलेलं बरं.

विभाजनाच्या नकाशात तिसरा मजला नीट बघा. या काळातल्या इमारतींमध्ये माळा मुळात सगळ्या घरांच्या अडगळीच्या खोल्यांसाठी असायचा. नंतर वरच्या मालकाने त्या घेऊन झोपायच्या खोल्या केल्या, पण दस्त बदललाच नाही, असं वारंवार निघतं. मग तुम्ही ज्या खोलीचे पैसे मोजताय ती कागदावर तळमजल्याची असते. छतावरच्या गच्चीचंही तसंच. छत सामाईक असतं, त्यामुळे संस्थेची संमती आणि महापालिकेची परवानगी दोन्ही हवी. क्षेत्रफळाच्या मोजणीचा अहवाल मागा. तिरक्या छताखाली दीड मीटरपेक्षा कमी उंचीची जागा राहण्याच्या क्षेत्रफळात धरत नाहीत. नियमावलीत जमिनीचंही कलम असतं: लाकडी किंवा लॅमिनेट टाकायचं तर खाली आवाज रोखणारा थर, बहुतेकदा किमान १० डेसिबलचा. लाकडी तुळयांच्या घरात लहान मूल धावलं तरी खाली ढोल वाजतो, म्हणून या कलमावरून शेजाऱ्यांशी भांडणं होतात.

बाकी इमारत भराभर. सपाट छताचं डांबर वीस-पंचवीस वर्षं चालतं. शेवटचं कधी घातलं ते पावतीसकट विचारा. बाल्कनी लोखंडी तुळयांवर असेल तर भिंतीत शिरते तिथे गंज बघा. वीजमीटरच्या कपाटात नळाची पाइप मळकट करडी आणि मऊ असेल, खरवडल्यावर चांदीसारखी चमकत असेल, तर ते शिसं; १९६०च्या आधीच्या घरांत सापडतं आणि घरात लहान मूल असेल तर लगेच बदलायचं. १९९४च्या आधीच्या घरात ॲसबेस्टॉसची शक्यता धरा, विशेषतः जुन्या व्हिनाइलखाली आणि धुराड्याच्या नळीत. गॅस बॉयलर पंधरा वर्षांपुढचा असेल तर नव्याचे पैसे बाजूला ठेवा. भाड्याचा असेल तर करार तुमच्या गळ्यात येतो का ते विचारा.

लेबल डी बघून बरेच जण आतून इन्सुलेशन करायचं ठरवतात. १९१५च्या भिंती बहुतेक भरीव विटांच्या असतात, मधे पोकळी नसते, त्यामुळे पोकळी भरायचा स्वस्त उपाय तिथे चालत नाही. आतून थर लावला की बाहेरची वीट थंड आणि ओली राहते, आणि जमिनीच्या लाकडी तुळयांची टोकं त्याच विटेत खुपसलेली असतात. ती कुजली तर बाहेरून काहीच दिसत नाही, जमीन एक दिवस भिंतीपाशी बसते. आधी काचा बदला, छताला इन्सुलेशन द्या, फटी बंद करा. भिंतीला हात लावण्याआधी ओलीचं गणित जाणणाऱ्याला विचारा.

मराठी घरासाठी एक वेगळी तपासणी: चिमणीचा धूर कुठे जातो? सामाईक नळीला मोटरवाली चिमणी जोडायला बंदी असते, कारण तुमच्या फोडणीचा वास थेट शेजाऱ्याच्या न्हाणीघरात जातो. स्वतंत्र नळी थेट बाहेर किंवा छतावर जात नसेल तर उरते ती हवा गाळून परत आत सोडणारी चिमणी, आणि रोज मोहरी-हिंग करणाऱ्या घरात ती अपुरी पडते. भिंतीला नवं भोक पाडायचं तर पुन्हा संस्थेची संमती. आई-बाबा तीन-तीन महिने राहायला येणार असतील तर जिना स्वतः मोजा. या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात आणि लिफ्ट नसते.

आता बोली. बोली बंद पाकिटासारखी असते: एक तारीख, एक आकडा, दुसऱ्यांचे आकडे दिसत नाहीत. २०२३पासून मोठ्या संघटनांच्या एजंटांना बोलींची नोंदवही ठेवावी लागते आणि व्यवहार पार पडल्यावर बोली लावणाऱ्यांना ती बघता येते, एवढाच दिलासा. मागणीच्या किमतीला फारसा अर्थ देऊ नका. ती मुद्दाम कमीही ठेवतात. तुमच्या एजंटाकडून त्याच गल्ल्यांमधल्या गेल्या सहा महिन्यांतल्या खऱ्या विक्रीकिमती काढा, आणि त्यातही जिवंत व्हीव्हीई आणि पायाचा अहवाल असलेली घरं वेगळी करून बघा.

बँक घराच्या मूल्यांकनाच्या १०० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. ऊर्जाबचतीच्या कामांसाठी १०६ टक्क्यांपर्यंत. चार लाखांची बोली लावली आणि मूल्यांकन ३ लाख ९० हजार आलं तर मधले दहा हजार खिशातले. मुद्रांक-शुल्कासारखा हस्तांतरण कर स्वतः राहणाऱ्याला २ टक्के आहे, पण ३५च्या आतल्याला आयुष्यात एकदा माफ, घर २०२६च्या ५ लाख ५५ हजारांच्या मर्यादेत असेल तर. तुमच्या बाबतीत अर्ध्या हिश्श्यावर माफी बायकोला. नवऱ्याच्या दोन लाखांवर २ टक्के म्हणजे ४,०००. एनएचजी, म्हणजे गृहकर्जाची राष्ट्रीय हमी, घ्याच, २०२६ची मर्यादा ४ लाख ७० हजार आहे. शुल्क कर्जाच्या ०.४ टक्के, ३ लाख ९० हजारांवर १,५६०. नोटरी, मूल्यांकन, कर्जसल्लागार, तपासणी आणि तुमचा एजंट मिळून आठ ते दहा हजार. डच समजत नसेल तर नोटरीकडे दुभाषा लागतो, त्याचे वेगळे. म्हणजे घराला हात लावण्याआधी साधारण २५ हजार रोख हवी, आणि ती कर्जात बसत नाही.

ही रोख भारतातून येणार असेल तर आजच हालचाल करा. एनआरई (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या) खात्यातून पैसे मोकळे येतात. एनआरओमधून (भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातून) आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, पण सीएचं प्रमाणपत्र आणि बँकेची छाननी यात दिवस जातात. आई-वडील पैसे पाठवणार असतील तर प्रत्येकाला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा कर) कापते, जो नंतर विवरणपत्रात मिळतो. नेदरलँडमध्ये कधीच न राहिलेल्या आई-वडिलांनी भेट दिलेल्या पैशांवर डच भेटकर लागत नाही. नोटरी पैशाचा उगम विचारणारच: बक्षीसपत्र आणि दोन्हीकडची बँक विवरणं तयार ठेवा. भारतातलं शैक्षणिक कर्ज डच कर्जनोंदीत दिसत नसलं तरी कर्जसल्लागाराला सांगा. लपवलेलं उघडकीला आलं तर अर्जच फेटाळला जातो.

या घराला, पायाचा अहवाल नसताना, माझा सल्ला असा: बोलीत तीन अटी घाला. कर्ज मिळण्याची, बांधकाम तपासणीची, आणि पायाच्या तपासणीत २५ वर्षांपेक्षा कमी आयुष्य निघालं तर बाहेर पडण्याची. तिसरी अट घातल्यावर बोली हरण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. विक्रेता ती नाकारत असेल तर तुमच्या हिश्श्याचा संभाव्य खर्च वजा करूनच आकडा लावा, आणि तेवढी रोख जवळ नसेल तर हे घर सोडा. कर्जाची अट मात्र काहीही झालं तरी काढू नका.

बोली मान्य झाली तरी तोंडी होकार घरगुती खरेदीदाराला बांधत नाही. करार लेखी हवा. सह्यांची प्रत हातात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचारबदलाची मुभा असते, त्यात किमान दोन कामाचे दिवस. त्या तीन दिवसांत कलमं वाचा: 'इमारत जुनी आहे, दोष घेणाऱ्याचे', 'विक्रेता इथे राहिलेला नाही', 'ॲसबेस्टॉसची जबाबदारी नाही'. या तिन्हींमुळे पुढे विक्रेत्याकडे दाद मागणं अवघड होतं. विक्रेत्याने भरलेली प्रश्नावली कराराला जोडलेली आहे ना, बघा. पायाविषयीच्या प्रश्नाला 'माहीत नाही' असं उत्तर असेल तर एजंटाकडून लेखी खुलासा घ्या. मुदतीनंतर अटींबाहेर माघार घेतली तर दहा टक्के दंड, म्हणजे चार लाखांच्या बोलीवर ४० हजार. तेवढीच रक्कम किंवा बँक हमी काही आठवड्यांत नोटरीकडे द्यायची असते.

नोटरीकडे जायच्या दिवशी सकाळी घराची शेवटची पाहणी असते. सगळे नळ सोडा, बॉयलर चालू करून रेडिएटर गरम होतात का बघा, माळ्यावर टॉर्च मारून ओलीचे डाग शोधा, मीटरचे आकडे फोटोसकट लिहून घ्या. प्रश्नावलीत नसलेलं काही निघालं तर ते सहीच्या आधी नोटरीला सांगा. दुरुस्तीपुरती रक्कम त्याच्या खात्यात अडकवून ठेवता येते, पण विक्रेत्याची संमती लागते, आणि ती सहीच्या आधीच मिळते.